टॅपेट गप्प झाला, पण इंजिनाचं काय?

"काका, इंजिन नवीन बांधून आणलंय, तरी टकटक येते. काय करू?" असा निरोप या वर्षात मला तिसऱ्यांदा आला. आधीचे दोन बाहेरगावचे होते, त्यांना फोनवर सांगून भागलं. हा मात्र घरचाच निघाला, थेट सराफ्यातून. पुढे दागिन्यांचं दुकान, मागच्या बोळात घर आणि घराच्या दारात आजोबांची प्रीमियर पद्मिनी. नातू बंगळूरला नोकरीला आहे. बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलंय आणि पाठवणी आजोबांच्याच गाडीतून व्हावी असा तिचा हट्ट. म्हणून त्याने बोनसचे पैसे घालून इंजिन पूर्ण बांधून घेतलं: पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम, सगळं. गाडी घरी आली ती टकटक करतच.

दोन दिवसांनी तो पुन्हा गॅरेजला गेला. मिस्त्री म्हणाला, "भिया, टॅपेट टाइट कर देता हूँ, अब आवाज नहीं आएगी." आणि खरंच, आवाज बंद झाला. घरात पेढे वाटले. पंधरा दिवसांनी गाडी चढावर दम टाकू लागली, सकाळी सुरू व्हायला कुरकुरू लागली आणि उभ्या उभ्या मिसिंग मारू लागली. तेव्हा मला निरोप आला. मला वाटतं, टकटक येत होती तेव्हाच आला असता तर निम्मे पैसे वाचले असते.

तरुण वाचकांपैकी बऱ्याच जणांनी पद्मिनी फक्त सिनेमात पाहिली असेल, म्हणून दोन ओळी तिच्याविषयी. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. ती इथे बनवली प्रीमियर ऑटोमोबाइल्सने. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. १९६४ साली 'डिलाइट' आली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. सुटे भाग अजून शोधून मिळतात. हे इंजिन कानाने ओळखणारे मिस्त्री मात्र दरवर्षी कमी होत चाललेत, आणि माझ्या मते आजची खरी टंचाई तीच आहे.

इंजिन तसं साधं आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये बसते. तिच्या उंचवट्यावर टॅपेट टेकतो, टॅपेटवर पुशरॉड उभा असतो, पुशरॉड वरच्या रॉकरचं एक टोक उचलतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबून उघडतं. बंद करायचं काम स्प्रिंगचं. सीसॉच समजा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असलं की प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. आपल्याच महाराजांची, दुसऱ्या यशवंतराव होळकरांची, १९३०च्या दशकातली ड्यूझेनबर्ग एसजे घ्या. तिच्या आठ सिलिंडरांना ३२ व्हॉल्व्ह आणि वर दोन कॅमशाफ्ट. थाट निराळा, पण उघडायचं कॅमने आणि मिटायचं स्प्रिंगने, हा नियम तिथेही तोच.

एक शब्दाचा घोळ आधी मिटवतो. गॅरेजमध्ये 'टॅपेट सेट करणे' म्हणतात तेव्हा रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधली फट लावणं अभिप्रेत असतं. खरा टॅपेट खाली कॅमवर बसलेला असतो आणि तो वरून दिसतही नाही. फट एवढीशी असते, जुन्या इंजिनांत साधारण ०.१ ते ०.४ मिलिमीटरच्या घरात. नेमका आकडा आणि तो गार इंजिनावर लावायचा की गरम, हे गाडीच्या पुस्तकातून घ्यायचं. शेजारच्या गाडीचा आकडा आपल्याला चालत नाही.

ही फट ठेवतातच कशाला? व्हॉल्व्ह तापला की लांबतो. फट नसेल तर लांबलेला व्हॉल्व्ह रॉकरला टेकून किंचित उघडाच राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर आगीतच उभा असतो. त्याची बहुतेक उष्णता निघून जाते ती तो मिटून सीटला टेकतो त्या क्षणांत. सीटला नीट टेकताच आलं नाही तर उष्णता जाणार कुठे? कडेने पेटता वायू सुसाटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळून तिला खाच पडते. म्हणून माझं मत ठाम आहे: फट जास्त असलेला, टकटकणारा टॅपेट परवडला, आवळून गप्प केलेला नको. सैल फटीने आवाज येतो, झीज होते, पण ते सगळं हळूहळू आणि सांगून सवरून होतं. आवळलेली फट एक शब्द न बोलता व्हॉल्व्ह जाळते. गिऱ्हाईकाला मात्र गप्प इंजिन आवडतं, आणि मिस्त्रीला गिऱ्हाईक.

नातवाने विचारलं, "मग आता हेड उतरवायचं का?" मी म्हटलं, तुमच्या दुकानात कुणी जुनी पाटली घेऊन आलं तर तुम्ही ती आधी आटवता का? आधी कसोटीवर ओढता, वाटलं तर त्या रेघेवर अॅसिड लावून बघता. आटणी सगळ्यात शेवटी, कारण आटवलेली पाटली परत पाटली होत नाही. हेड उतरवलं की गॅसकेट वाया जाते आणि पुरावाही विस्कटतो. तेव्हा आधी कसोटी.

वेळ ठरली सकाळी साडेसातची. सराफ्यात इंजिनाचा आवाज ऐकायला दुसरी वेळच नाही. दुकानं उघडली की गर्दी, आणि ती मिटली की भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबीवाले ओटे ताब्यात घेतात ते मध्यरात्रीपर्यंत.

पहिला प्रश्न कुठलंही हत्यार हातात न घेता विचारायचा: आवाज कधीपासून? पहिल्याच स्टार्टला आला तर जुळणीत काहीतरी राहिलंय. फट चुकली असेल, पुशरॉड टॅपेटच्या वाटीत नीट बसला नसेल किंवा रॉकरकडे तेल जाणारी वाट गॅसकेटने अडवली असेल. अर्ध्या-पाऊण तासाने सुरू झाला तर नवीन कॅम-टॅपेटचा पृष्ठभाग खरवडला गेल्याचा संशय घ्या. काही शे किलोमीटरनंतर आला तर फट बदलली. आणि दर महिन्याला एखाद्या व्हॉल्व्हची फट आपोआप कमी होत असेल तर तो व्हॉल्व्ह सीटमध्ये बुडत चाललाय. शिशाचं पेट्रोल देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. त्याआधीच्या मऊ सीटना त्या शिशाचा आधार होता, म्हणून जुन्या हेडमध्ये हे प्रकरण उद्भवतं. आमच्या गाडीत टकटक पहिल्या दिवसापासून होती.

दुसरं, आवाज नक्की वरचाच आहे का? कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरते. म्हणजे ८०० फेऱ्यांवर इंजिन उभं असताना एका व्हॉल्व्हची टकटक मिनिटाला ४०० वेळा होते. कानाने एवढं मोजता येत नाही, पण टायमिंग लाइट असेल तर सोपं आहे. ती पहिल्या प्लगच्या वायरला लावा. प्लगही दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. लाइटच्या प्रत्येक झपकीला एकच टक पडली तर आवाज व्हॉल्व्हच्या बाजूचा. दर झपकीला दोन ठोके पडले तर खाली पिस्टन-बेअरिंगकडे बघायला लागेल. आणखी एक खूण: एकेका प्लगची ठिणगी तोडून पाहा. बेअरिंगचा ठोका त्या सिलिंडरचा भार गेल्यावर बहुधा मऊ पडतो, टॅपेटच्या टकटकीला काही फरक पडत नाही. पण आमची टकटक तर आवळून गप्प केलेली. त्यामुळे कानाचं काम तिथेच संपलं आणि पुढचं गेजवर आलं.

कॉम्प्रेशन गेज बाजारात सहज मिळतो. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इग्निशन कॉइलची वायर सोडवून ठेवा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर शेवटच्या सिलिंडरवर अन्याय होतो. एकटा आकडा फारसा बोलत नाही, चौघांची तुलना बोलते. नवीन रिंगा अजून बसलेल्या नसतात, त्यामुळे चारही आकडे थोडे कमी आले तरी घाबरू नका. आमचे तीन सिलिंडर एकमेकांच्या जवळ आले आणि तिसरा जवळपास निम्म्यावर. त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर दोष रिंगांचा. जेमतेम हलला. म्हणजे व्हॉल्व्ह, नाहीतर गॅसकेट. गॅसकेट दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटली तर शेजारचे दोघेही पडतात. इथे एकटाच पडला होता.

आता हवेची परीक्षा. एका जुन्या प्लगचं पोट कोरून त्याला हवेची नळी जोडायची. कुणीही लेथवाला करून देतो. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरून हवा सोडायची. गाडी न्यूट्रलला, पुलीवर पाना ठेवू नका, पंख्यापासून हात लांब. हवेच्या दाबाने इंजिन गर्रकन फिरू शकतं. मग फक्त ऐकायचं. कार्बोरेटरमध्ये सूं आला तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट. आजोबा काठी टेकत मागे गेले, सायलेन्सरजवळ वाकले आणि म्हणाले, "इथून येतोय रे." एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

मग टॅपेट कव्हर उघडलं. इथे बहुतेक जण एक घाई करतात: पाना आणि फिलर गेज घेऊन लगेच फटी 'ठीक' करायला लागतात. आधी इंजिन गार होऊ द्या आणि आहेत तशा आठही फटी कागदावर लिहून काढा. त्या आठ आकड्यांत मागच्या माणसाने काय केलं त्याचा कबुलीजबाब असतो. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून त्याच्या दोन फटी मोजा, मग अर्धा फेरा फिरवून तिसऱ्याच्या, मग चौथ्याच्या, मग दुसऱ्याच्या. हा क्रम इंजिन पेटण्याचा. आमच्या कागदावर आठही फटी पुस्तकापेक्षा कमी होत्या आणि तिसऱ्याच्या एक्झॉस्टची पार शून्य. सगळ्यात पातळ पातंही आत शिरेना.

मग सगळ्या फटी पुस्तकाप्रमाणे लावल्या आणि कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं. तिसऱ्याचा आकडा पूर्ववत झाला असता तर व्हॉल्व्ह नुसता अडून राहिला होता, जळला नव्हता, आणि आम्ही पोहे खाऊन घरी गेलो असतो. आकडा थोडा वर आला आणि थांबला. जळलाच होता. या एका पायरीमुळे हेड उतरवायचा निर्णय झाला, अंदाजाने नाही.

पण पहिल्या दिवशीची टकटक कुठली, हे अजून कळायचं होतं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथेच होता. फटी बरोबर लावून इंजिन सुरू केलं, तीन सिलिंडरांवर अडखळत चाललं, आणि टकटक हजर! दुसऱ्या सिलिंडरपाशी. म्हणजे फट बरोबर असूनही आवाज. अशा वेळी व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते मोजायचं. प्लग काढलेले असताना इंजिन हाताने सावकाश फिरवा आणि प्रत्येक व्हॉल्व्हची मिटलेली आणि पूर्ण उघडी उंची व्हर्निअरने घ्या. इनटेकची इनटेकशी तुलना, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी. दुसऱ्याचा इनटेक आपल्या भावंडांपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर कमी उचलला जात होता. दोनच शक्यता: पुशरॉड वाकलाय किंवा खाली कॅमचा उंचवटा झिजलाय.

पुशरॉड तपासायला सपाट काच लागते. ती सराफाच्या घरात न मिळाली तर कुठे मिळणार? दुकानाच्या काउंटरच्या काचेवर आठही पुशरॉड एकेक करून लोळवले. वाकलेला पुशरॉड लोळताना डगमगतो आणि त्याच्याखाली उजेडाची फट उघडमीट करते. आठही सरळ निघाले. म्हणजे दोष कॅमकडे.

पुढचा भाग खर्चाचा, तो थोडक्यात सांगतो. इंजिन परत उघडलं. तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढी खाच पडलेली, सीटही खरवडलेली. सुदैवाने पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खूण नव्हती. ती असते तेव्हा व्हॉल्व्ह पिस्टनला आपटलेला असतो आणि टायमिंगची खूण एखाद्या दात्याने चुकलेली निघू शकते. दुसऱ्याच्या इनटेकचा टॅपेट हाती आला तेव्हा आजोबांनी आपलं डोळ्याला लावायचं भिंग काढलं. हिऱ्यातला डाग शोधायचं ते भिंग टॅपेटच्या तोंडावर धरल्यावर खड्डे स्पष्ट दिसले आणि त्याहून बोलकी म्हणजे एकाच दिशेची सरळ रेघ. टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरत राहायला हवा, म्हणजे त्याच्या तोंडावर गोल गोल खुणा उमटतात. हा फिरतच नव्हता. एकाच जागी घासून त्याने कॅमचा उंचवटा खाल्ला होता. उंचवट्याची चढण गेली की रॉकर अलगद टेकत नाही, आपटतो. फट कितीही बरोबर असो.

कारण काय असावं? जुने टॅपेट जुन्याच कॅमवर परत बसवले होते. ते चालतं, पण जो टॅपेट ज्या उंचवट्यावर होता तिथेच बसवला तर. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून त्यांची जोडी जमलेली असते. काढताना एक ते आठ खुणा केल्या नाहीत, सगळे एका डब्यात रॉकेलमध्ये टाकले की जोड्या मोडल्या. नवीन कॅमवर जुने टॅपेट तर कधीच नाहीत. बांधताना अंड्याच्या जुन्या पुठ्ठ्यात आकडे घालून भाग ठेवा. आठ खळगे पुरतात.

नातवाला वाटत होतं की गॅरेजमध्ये जाऊन भांडावं. मी त्याला दोन कागद दिले, फटींचा आणि उचलीचा, शिवाय जळका व्हॉल्व्ह आणि तो टॅपेट फडक्यात गुंडाळून दिला. मिस्त्रीने भिंगातून बघितलं, बराच वेळ बोलला नाही, मग व्हॉल्व्ह, सीट आणि मजुरी स्वतःकडे घेतली. कॅम आणि टॅपेटचा नवा संच घरच्यांनी आणला. हे मला योग्य वाटलं. काहींना वाटणार नाही. घाई करायचं कारण वेगळंच होतं: त्या ब्लॉकचं बोअर आधीच शेवटच्या साइजला पोचलंय. जळक्या व्हॉल्व्हचा तुकडा तुटून खाली पडला असता तर स्लीव्ह घालण्यावाचून मार्ग नव्हता, आणि लग्न तर सोडाच, गाडी भंगारातच गेली असती. "चालू द्या, बसेल आपोआप" हा सल्ला अशा वेळी फार महाग पडतो.

नवा कॅम बसवला त्या दिवशी मी स्वतः उभा होतो. उंचवट्यांना आणि टॅपेटना जुळणीची ग्रीस लावली, पंपात तेल भरलं आणि कार्बोरेटर-इग्निशन आधीच नीट लावून घेतलं, कारण नव्या कॅमवर स्टार्टर मारत बसणं म्हणजे ती कोरडी घासणं. इंजिन सुरू झाल्याबरोबर वेग १५०० ते २००० फेऱ्यांच्या वर नेला आणि वीस मिनिटं तिथेच थोडा खालीवर खेळवत ठेवला. कॅमला बरंचसं तेल उडून मिळतं, आणि सावकाश फिरणाऱ्या इंजिनात तेल पुरेसं उडत नाही. मग कव्हर उघडून आठही रॉकरवर तेल ओघळतंय ना ते पाहिलं. तेल साधं मिनरल २०डब्ल्यू-५०, जस्त-फॉस्फरस भरपूर असलेलं. नव्या श्रेणीच्या तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी तो अंश कमी केलेला असतो. नव्या गाडीला ते चांगलं, या घासणाऱ्या टॅपेटना नाही.

आता पाचशे किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा तपासायचे आणि त्यानंतरच फटी, कारण नट आवळले की फट बदलते. उलट क्रमाने केलं तर सगळं परत करावं लागतं. गाडी सध्या रोज सकाळी राजवाड्याला वळसा घालून सुपर कॉरिडॉरपर्यंत जाऊन येते. किंचित टकटक आहे, आठही व्हॉल्व्हची सारखी, शिवणयंत्रासारखी. आजी विचारतात, "आवाज येतोय ना अजून?" आजोबा सांगतात, "येऊ दे."

ता. क. : मागच्या गणपतीत माझं फिलर गेज कुणीतरी दोन दिवसांसाठी नेलं आहे. ०.१५चं पातं आधीच वाकलेलं होतं, त्याची काळजी करू नका, फक्त आणून द्या.